भित्र्या सुजाताबाई

डॉक्टर सुजाताबाईंना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या हात धुवायच्या बेसिनच्या भोकात बॅटरी मारून, जवळजवळ नाक घालून उभ्या होत्या. बारामतीचं मोठं हॉस्पिटल, दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड. माझ्या हातात उरलेल्या दुधाचा तांब्या. मला वाटलं नळदुरुस्तीची कुणी बाई असंल. म्हटलं, "बाई, सरका जरा. दूध ओतायचंय."

त्यांनी मान वर केली. बाई बुटकी, पंचेचाळीसच्या पुढची. केस मागं घट्ट बांधलेले, हातात बांगडी नाही, घड्याळ नाही, बाह्या कोपराच्या वर.

"रोज ओतता?"

"मंग? पेशंटला अर्धंच जातंय. उरलेलं काय करू?"

"तिथं कचऱ्याचा डबा आहे की."

मला राग आला. डब्यात काय होतं ते त्यांनाही दिसत होतं. म्हटलं, "त्या रक्तापुवाच्या कापसात दूध टाकू व्हय? तुमच्या घरी टाकता का?"

त्या रागावल्या नाहीत. खिशातनं छोटी वही काढली. "आणि बेसिनात चालतं?"

"वाहत्या पाण्यात जातंय. देवाचं निर्माल्य आपण वाहत्या पाण्यातच सोडतो का न्हाय?"

ते त्यांनी लिहून घेतलं. मग बाजूला सरकल्या. मी दूध ओतलं, नळ सोडला. पांढरं पाणी गोल फिरून भोकात गेलं. त्या बघत होत्या. काही म्हणाल्या नाहीत.

त्यांचं ते काही न म्हणणं मी दीड वर्ष डोक्यात घेऊन फिरलो.

गेल्या महिन्यात त्यांची बदली झाली. हॉस्पिटलानं निरोपाचा कार्यक्रम ठेवला, मलाही बोलावलं. माईकवर नाव पुकारलं तेव्हा मी उठलो, माणसांकडं बघितलं आणि खाली बसलो. माझं शिक्षण चौथी. बोलायला लागलो की तोंडाला आवर राहत नाही, लिहिताना हात हळू चालतो म्हणून जरा बरं पडतं. तेव्हा लिहितो.

मी पिंपळीचा. गावात तात्या म्हणतात. माझी बायको कौसल्या इंदापूरला तिच्या बहिणीकडं गेली होती, तिथं तिचं पोट फुगलं. आतडं गुंतलं होतं. इंदापुरातल्या एका लहान दवाखान्यात घाईनं ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी टाक्यातनं पाणी यायला लागलं म्हणून तिथल्या डॉक्टरनं बारामतीला धाडलं. तिथं ती सुधारत होती. हे मी मुद्दाम लिहितो. ती सुधारत होती. उठून बसत होती, मला टोमणे मारत होती. "घरी कधी ग्लास इसळला न्हाय आन् हितं तांब्या घेऊन मिरवताय," असं शेजारच्या बायकांना ऐकवत होती.

सुजाताबाई पेशंटच्या डॉक्टर नव्हत्या. त्यांनी कुणाला गोळी दिलेली मी बघितली नाही. माणूस एका दुखण्यासाठी हॉस्पिटलात येतो आणि दुसरंच घेऊन बसतो, ते दुसरं कुठनं आलं हे हुडकायचं त्यांचं काम. खाटेचे गज, सलाईनचे खांब, नळ, सिस्टरांच्या हाताचे पंजे, सगळीकडं त्या काडीला लावलेला कापूस फिरवायच्या आणि तो बर्फाच्या डब्यात घालून न्यायच्या. पुढं त्यांच्या खोलीत कंगव्याएवढं एक यंत्र होतं, ते लॅपटॉपला जोडलेलं. त्यात म्हणे जंतूची अक्षरं वाचता येतात.

दार त्या कोपरानं ढकलायच्या. कुणी हात पुढं केला की लांबनंच नमस्कार. पेशंटच्या खाटेवर कधी टेकल्या नाहीत, हॉस्पिटलात कधी घोटभर चहा घेतला नाही. हात इतक्या वेळा धुवायच्या की तळव्यांना भेगा पडलेल्या, उन्हाळ्यातल्या जिरायती रानासारख्या. नवा पेशंट आला की पहिला प्रश्न, "आधी कुठं होतात?" माणसालाच नाही, वस्तूलासुद्धा. ढकलगाडी दिसली की वॉर्डबॉयला विचारणार, ही आधी कुठं होती? फरशी पुसायच्या फडक्याला विचारणार, हे आधी कुठं होतं? मंगल सिस्टर म्हणायची, "आमच्या मॅडम वाघाला भिणार न्हाईत, वल्ल्या फडक्याला भितात."

खरंच भ्यायच्या. लपवायच्याही नाहीत. एकदा मी बोलून गेलो, "डॉक्टर असून एवढं भ्यायचं?" तर म्हणाल्या, "तात्या, ह्या कामात ज्याची भीती गेली त्याला घरी पाठवायचं."

बाईंच्या समोर दूध ओतलेलं त्याला चार दिवस झाले आणि कौसल्याला थंडी वाजून ताप आला. तोंडावर पांघरूण ओढून ती नुसती हुडहुडत होती. रक्त काढून नेलं. औषध बदललं, परत बदललं. मोठे डॉक्टर म्हणाले, हे औषधांना दाद देत नाही. दुसऱ्या दिवशी तिला काचेच्या खोलीत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर आलो.

त्याच दिवशी सुजाताबाईंनी वॉर्डातल्या बेसिनाला पिवळी चिकटपट्टी मारली. आडवी, उभी, परत आडवी. खालचा पाईप कापून काढला, पिशवीत बांधून नेला. कुणी विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "ह्यात मंडळी राहायला आलीत."

संध्याकाळी त्या बाकावर माझ्याजवळ येऊन बसल्या, एक माणूस बसेल एवढी जागा मधे सोडून. मी विचारलं, माझ्या बायकोच्या रक्तात जे हाय ते कुठनं आलं हे तुमाला कसं कळणार? सगळे जंतू सारखेच की. त्यांनी सांगितलं, जंतू वाढतो म्हणजे स्वतःची नक्कल काढतो. नक्कल काढताना मधूनच एखादं अक्षर चुकतं. ती चूक मग त्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांत जाते.

मी म्हटलं, "म्हंजे आमच्या सातबाऱ्यागत."

"म्हणजे कसं?"

आमच्या पणजोबाचं नाव राणोजी. कुण्या एका तलाठ्यानं उतारा उतरवून घेताना राघोजी लिहिलं. ते दुरुस्त झालंच नाही. थोरल्या घराच्या कागदांवर राणोजी, आमच्या धाकट्या घराच्या कागदांवर राघोजी. आज माझ्यासमोर कुणाचाही उतारा आणा, नुसतं ते नाव बघून मी सांगतो हा थोरल्या घरचा का आमच्यातला.

सुजाताबाई उठून उभ्या राहिल्या. "परत सांगा," म्हणाल्या. मी परत सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. पुढं सिस्टरांच्या वर्गात त्या हेच सांगायच्या, पिंपळीच्या तात्यांचा सातबारा म्हणून. दोन पेशंटच्या रक्तात एकच चूक सापडली की ते जंतू भाऊबंद. आणि तीच चूक बेसिनाच्या पाईपात सापडली की घर सापडलं.

त्या दिवशी सांगून झाल्यावर मात्र मी भ्यालो. कारण बेसिनावर पट्टी होती, आणि त्या बेसिनात रोज सकाळ-संध्याकाळ दूध कोण ओतत होतं? मी. एकटा मीच नाही. नवा पेशंट आला की त्याच्या नातेवाइकाला मीच सांगायचो, "आवो पाव्हणं, अन्न त्या डब्यात टाकू नका, पाप लागंल. बेसिनात सोडा." कुणी पेज, कुणी चहा, कुणी वरणाचं पाणी. मी वॉर्डातला जुना म्हणून लोक ऐकायचे.

मी विचारलं नाही. त्याही बोलल्या नाहीत. त्यांची एक म्हण होती, "कागद सांगतो तेवढंच सांगायचं." यंत्रातनं निघतो तो कागद. मी मनात म्हटलं, कागद काय सांगायचं ते सांगू दे, मी वाचायला जात नाही.

बेसिन बंद झालं तरी उरलेलं अन्न बंद होत नाही. लोक आता संडासाजवळच्या नळाखाली ओतायला लागले. सुजाताबाईंच्या जागी दुसरा कुणी असता तर पाटी लावली असती, दंड लिहिला असता. त्यांनी मलाच विचारलं, "तात्या, कुठं टाकलं तर तुमच्या जिवाला बरं वाटेल?"

मी म्हटलं, "बाई, अन्नाला अन्नाची जागा पायजे. वेगळी, झाकणाची, सोच्छ. आन् ती मातीत गेली पायजे."

दुसऱ्या दिवशी स्टीलची नवी बादली आली, झाकणाची. वर लाल रंगात 'अन्न' एवढंच लिहिलेलं. ती दिवसातनं तीनदा खाली न्यायची आणि कंपाउंडच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली खड्डा काढलेला, त्यात ओतून माती लोटायची. लोकांनी एकदाही कुरकुर केली नाही. एका म्हातारीनं तर बादलीला हळदकुंकू लावलं. सुजाताबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "राहू द्या. फक्त झाकण लावत जा म्हणावं."

कुरकुर झाली ती हात धुण्यावरनं. काचेच्या खोलीतल्या पेशंटला भेटायला जाताना हात धुवायचे, आत कुणाच्या पाया पडायचं नाही, अंगारा लावायचा नाही, दुसऱ्याच्या पेशंटला हात लावायचा नाही. एक दिवस एका पेशंटचे पाहुणे आले. पांढरे कपडे, मागं चार माणसं. सुजाताबाई दारात उभ्या. ते गृहस्थ माझ्याकडं बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "काय दिवस आले बघा तात्या. आता ह्या आमाला म्हंत्यात शिवू नका."

बाई इंदापूरकडच्या एका गावच्या, त्यांच्या आजोबांच्या वेळेला घर बौद्ध झालेलं, हे सगळ्यांना माहीत होतं. मला दुसरंही माहीत होतं. माझे वडील होते तोपर्यंत आमच्या गोठ्याच्या वळचणीला एक कान तुटलेली कपबशी असायची, आणि ती कुणासाठी होती हे मला लहानपणी कुणी सांगावं लागलं नव्हतं. मी खाली फरशीकडं बघत राहिलो. बोलायला पाहिजे होतं. एरवी माझं तोंड कधी बंद नसतं.

सुजाताबाई म्हणाल्या, "शिवा की. मी कुठं नको म्हणते? हात धुवा आन् शिवा. वीस आकडे मोजून धुवा, मग सगळ्यांना शिवा, मलासुद्धा."

मंगल सिस्टर फिसकन हसली. मग बाकीचे हसले. त्या गृहस्थांनी हात धुतले. वीसपर्यंत मोठ्यानं मोजत धुतले, टर उडवत, पण धुतले.

ते आत गेल्यावर त्या माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "माझ्या आजीला लोक शिवत नव्हते, ते नेमके कशाला भीत होते हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या भीतीला निदान नाव-गाव आहे."

कौसल्या पुढं नऊ दिवस काढून एका दुपारी गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. काचेतनं मी बघत होतो. आत जायला मला हात धुवायला लागत होते, आणि मी धुतच राहिलो. वीस झाले, चाळीस झाले. मंगल सिस्टरनं नळ बंद केला.

दहावा झाल्यावर मी आणि माझी लेक शोभा इंदापूरला गेलो. शोभा कोऱ्हाळ्याला दिलेली, आईवर फार जीव. ती म्हणाली, ऑपरेशन करताना घाण केली म्हणून आई गेली. मला ते ऐकून काय वाटलं सांगू? बरं वाटलं. छातीवरचा दगड कुणी उचलून दुसऱ्याच्या छातीवर ठेवावा तसं. त्या लहान दवाखान्यात पेशंट बसलेले असताना मी त्या डॉक्टरला आईबहिणीवरनं बोललो. त्यानं एक शब्द उलटा काढला नाही. तेव्हापासून विचारेल त्याला मी सांगायचो, इंदापुरातनंच आणलं आमच्या मंडळीनं ते.

त्यानंतर महिन्याभरानं सुजाताबाई पिंपळीला आल्या. ओट्यावर बसल्या. एक कागद आणला होता सहीसाठी. कौसल्याच्या रक्तातले जंतू त्यांनी ठेवले होते, ते पुढच्या अभ्यासाला वापरायचे होते.

"ठेवलेत म्हंजे?"

"गोठवून. मोठ्या फ्रीजमध्ये."

"जिवंत?"

"गोठलेले. पण उठवले तर उठतील."

ती गेली, आणि तिला ज्यानं नेलं ते बारामतीत एका फ्रीजमध्ये जिवंत बसलंय. सही केली. माझं नाव मलाच वाचता आलं नाही. त्या उठताना म्हणाल्या, "तात्या, अजून काही विचारायचं आहे का?" त्या माझ्याकडं बघत होत्या आणि मला वाटलं, ह्या बाईच्या पिशवीत माझा कागद आहे. म्हटलं, "न्हाय. काय विचारायचं राहिलंय आता?"

घरात करमेना म्हणून मी आठवड्यातनं तीन दिवस हॉस्पिटलात जायला लागलो. वॉर्डच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचं, नव्या नातेवाइकांना बादली दाखवायची, हात धुवायला लावायचे. लोकांना वाटायचं म्हातारा पुण्य करतोय. मी भ्यालेला होतो. कुणी तांब्या घेऊन नळाकडं वळलं की मी ओरडत सुटायचो.

त्या दिवसांत मी सुजाताबाईंचं एक वागणं बघितलं, ते मला कळलं नव्हतं. लहान बाळांच्या वॉर्डात दोन बाळांना ताप आला. सुजाताबाई आल्या, बेसिन हुंगलं आणि सरळ पट्टी मारली. त्यांच्या वरचे साहेब धावत आले. "मॅडम, कागद कुठंय?"

"यायचाय."

"मग कशाच्या आधारावर बंद केलंत? तुम्हीच म्हणता ना, कागद सांगतो तेवढंच?"

"कागद येईल तेव्हा येईल. बाळं थांबत नाहीत," त्या म्हणाल्या. पट्टीसमोरनं हलल्या नाहीत. सगळ्या सिस्टरांना दोन दिवस खालच्या मजल्यावर जाऊन हात धुवायला लागले. कागद आला. बेसिन निर्मळ होतं. बाळांचा ताप साधा होता. साहेब चारचौघांत हसले. सुजाताबाईंनी पट्टी काढली, चिकट डाग पुसला आणि म्हणाल्या, "बरं झालं, चुकले." एवढी शिस्तीची बाई चुकली आणि तिला लाज वाटली नाही ह्याचं मला नवल वाटलं होतं.

निरोपाच्या कार्यक्रमात मी खाली बसलो ते एवढ्यासाठीच. त्या निघून चालल्या होत्या आणि मी न वाचलेला माझा कागद घेऊन चालल्या होत्या. रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं बारामती गाठली. त्यांच्या खोलीत खोकी बांधलेली. म्हटलं, "बाई, माझा कागद दाखवा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "खात्री आहे? एकदा सांगितलं की परत घेता येत नाही."

"दाखवा."

तो कागद म्हणजे आडवं पाडलेलं झाड. बुंधा डाव्या अंगाला, फांद्या उजवीकडं. त्यांनी बोट ठेवलं. "ही इंदापूरची फांदी. त्या दवाखान्यातही जाऊन मी कापूस फिरवला होता. हे जंतू वेगळे, लांबचे. आणि ही बेसिनाची." बोट खाली सरकलं. बेसिनाच्या फांदीला पाच डहाळ्या होत्या. चौथीवर येऊन थांबलं. "ह्या काकू."

मी विचारलं, "माझ्या दुधानं?"

"दुधाचं कागदावर नाही. त्या पाईपात ते तुम्ही यायच्या आधीपासून होते. दुधानं पोसले असतील. तुमच्या, सगळ्यांच्या. नळ सोडला की शिंतोडे उडतात, हात धुणाऱ्याच्या हातावर येतात, तिथनं पेशंटच्या सुईपर्यंत. दूध नसतं तर झालंच नसतं, असं मी म्हणू शकत नाही. झालंच असतं, असंही नाही."

मी म्हटलं, "त्या दिवशी तुमी माझ्या थोबाडीत मारायला पायजे होती. शेजारीच हुब्या होता."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग बोलल्या त्या डॉक्टरसारख्या बोलल्या नाहीत, आमच्यातल्या कुणी बोलावं तशा बोलल्या.

"तात्या, मला संशय हुता. त्याच्या आधीच दोघींना ताप आलेला. म्हणून तर मी त्या भोकात बॅटरी मारत हुते. पण यंत्राचा कागद यायचा हुता. मी म्हटलं, खात्री नसताना कशाला बोलायचं, कागद येऊ द्या. तुमाला 'नका वतू' एवढं म्हणायला कागद लागत नव्हता. मी सरकून जागा दिली. पाचव्या दिवशी कागद आला. काकूंना ताप चौथ्या दिवशी आला."

मग मला बाळांच्या वॉर्डातली पट्टी कळली.

"तुमी आमच्या वट्ट्यावर आला हुता," मी म्हटलं.

"हेच सांगायला आले हुते. सहीचा कागद टपालानंही आला असता. तुमी म्हणालात काय विचारायचं न्हाय, आन् मला सुटल्यागत झालं. भ्याले मी."

दोघं बसून राहिलो. त्यांनी मला माफ केलं नाही, मी त्यांना केलं नाही. दोघांचीही तशी ऐपत नव्हती. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेली, तिचं एक चाक वाजत होतं.

मग त्यांनीच विचारलं, "लेकीला काय सांगितलंय?"

"इंदापूर."

"आणि इंदापूरच्या डॉक्टरांना?"

"ते इथं बोलण्याजोगं न्हाय."

"उठा," त्या म्हणाल्या. "मी गावी चाललेच आहे आज. इंदापूरवरनंच जायचं."

एसटीत आम्ही एका बाकावर बसलो. त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढलो. डॉक्टर आतनं बाहेर आला, मला बघितलं आणि मागं सरला. दाराची कडी धरली त्यानं. एवढा शिकलेला माणूस चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याला भ्याला. मी हात जोडले. म्हटलं, "डॉक्टर, तुमच्याकडनं नव्हतं ते. बारामतीत लागलं. ज्या बेसिनातनं लागलं त्यात मी दूध वतत हुतो."

त्याचा विश्वास बसेना. "नक्की?" त्यानं सुजाताबाईंना विचारलं. त्यांनी कागद उघडून दाखवला. "नक्की?" त्यानं परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारून तो पेशंटच्या बाकावर पेशंटांतच बसला. म्हणाला, "तुम्ही येऊन गेल्यापासनं मी कुणाचं पोट उघडलेलं नाही. हात उचलत नाही. येईल त्याला पुढं पाठवतो."

किती जणांना पुढं पाठवलं आणि वाटेत कुणाचं काय झालं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. सुजाताबाईंनी विचारलं नाही. पण त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मला कळलं की तो प्रश्न त्यांच्याही मनात आला होता.

स्टँडवर त्यांची गाडी लागलेली होती. गर्दी होती, त्यांना शेवटच्या बाकावर जागा मिळाली. खिडकीची काच सरकवून म्हणाल्या, "तात्या, शोभाला मी सांगू का तुम्ही सांगताय?"

"मी सांगतो."

"कधी?"

"घरी गेल्यावर बघू. रविवारी यायची हाय ती."

"आत्ता सांगा."

"बाई, ती माझं तोंड बघायची न्हाय परत. तीच एक राहिलीय मला."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तरी आत्ता. रविवारपर्यंत थांबू नका. थांबून काय होतं ते मी बघितलंय."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागं घेतली, वळवली. मी खिशातनं फोन काढला, चष्मा लावला, शोभाचं नाव शोधलं. गाडी स्टँडच्या फाटकाशी ट्रॅक्टरमुळं अडकून उभी राहिली. मागच्या धुळकट काचेला दोन्ही तळवे टेकून सुजाताबाई माझ्याकडं बघत होत्या, फोन कानाला लागतोय का नाही ते.

मी लावला. पलीकडनं शोभा म्हणाली, "हां तात्या, बोला."